माझ्या पॅनवर दुसऱ्याच कुणीतरी कर्ज काढलंय, वसुलीवाला म्हणतो भरून मिटवा. भरू का?

डबेवाली_नाशिकरोड:
नमस्कार. माझा डब्यांचा व्यवसाय आहे. डबे पोचवायला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची म्हणून कर्जाला अर्ज केला, तर तिथल्या माणसाने सांगितलं, तुमच्या नावावर आधीचं कर्ज थकलंय. सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढला. ३८ हजारांचं कर्ज, कुठल्याशा अ‍ॅपवरून घेतलेलं. पॅन माझं, मोबाईल नंबर आणि ई-मेल भलत्याचेच. वसुलीवाला सारखा फोन करतो, "ताई, बारा हजार द्या, मॅटर क्लोज करतो." घरचे म्हणतात देऊन टाक, कटकट नको. मला रात्रीची झोप नाही. काय करू?

निवृत्त_कर्जविभाग:
ताई, एक रुपयाही देऊ नका. पैसे भरले की ते कर्ज तुमचंच होतं असा अर्थ निघतो, आणि रिपोर्टवर 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न फेडता कमी रकमेत मिटवलं, असा शेरा बसतो. मी कर्जाच्या टेबलावर बसलेला माणूस आहे, तो शेरा दिसला की फाईल मागे पडते. तुम्हाला लेखी हवंय ते वेगळंच: हे कर्ज तुमचं नव्हतं, आणि ते खातं रिपोर्टवरून काढलं.

आधी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, नाहीतर १९३० ला फोन करा. दुसऱ्याची ओळख वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६सीखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रारीची पोच जपून ठेवा.

मग खरं काम. अ‍ॅपच्या मागे एखादी बँक किंवा फायनान्स कंपनी असते, तिचं नाव तुमच्या रिपोर्टमध्येच सापडेल. तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा, पोच जोडा आणि विचारा: कर्जाची रक्कम कुठल्या खात्यात जमा केली? केवायसीचा (ओळख तपासणीचा) फोटो आणि करारनामा दाखवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अ‍ॅपवरच्या कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्याच खात्यात जायला हवेत. ते खातं तुमचं नाही, म्हणजे उत्तर त्यांना द्यावं लागेल. त्यांचा सगळा दावा या एका प्रश्नावर अडतो, म्हणून तो सोडू नका.

त्याच दिवशी सिबिलकडे डिस्प्युट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाका. सिबिलसारख्याच नोंदी ठेवणाऱ्या एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्कचे रिपोर्टही बघा, चौघांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. दुरुस्तीला ३० दिवसांहून जास्त लागले तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. ऑनलाइन होतं, फी नाही, वकील लागत नाही.

घणसोलीकर:
काकांनी सांगितलंय ते कराच. शिवाय 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच 'माझा नाही' म्हणून कळवता येतं.

पुढे कुणी आधारची झेरॉक्स मागितली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पॅनच्या झेरॉक्सवर कशासाठी आणि कोणाला दिली ते तारखेसकट आडवं लिहून सही करा. आणि आधारला अंगठ्याचं (बायोमेट्रिक) लॉक लावाच, म्हणजे तुमच्या ठशाचा वापर दुसऱ्या कुणाला करता येत नाही. आमच्या गावाकडे म्हातारी माणसं अंगठा लावून पैसे काढतात, त्यांचं तर पोराबाळांनी आधी लावून द्यावं. आधारच्या अ‍ॅपमध्ये होतं, गरज पडली की थोड्या वेळापुरतं उघडता येतं.

डबेवाली_नाशिकरोड:
काका, रिपोर्टमध्ये कंपनीचं नाव सापडलं. पोर्टलवर तक्रार केली, ई-मेल आज रात्री पाठवते. पण वसुलीवाल्याचे फोन चालूच आहेत. काल तर रात्री नऊला केला.

निवृत्त_कर्जविभाग:
सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. त्या कॉलचा स्क्रीनशॉट आजच्याच ई-मेलला जोडा. त्याच्याशी वाद घालू नका, "तक्रार केलीय, जे काय ते लेखी पाठवा" एवढंच सांगून फोन ठेवा. ओटीपी, आधार क्रमांक काहीही सांगायचं नाही. कंपनीचं उत्तर आलं की इथे टाका, नाव-नंबर झाकून. पुढचं पत्र मी लिहून देतो.