पाळणा फेरिसच्या आधीपासूनच फिरतोय

बऱ्याच जणांना वाटतं की आकाशपाळणा अमेरिकेच्या फेरिस या अभियंत्याने शोधला. तसं नाही हो! पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये आजच्या बल्गेरियातल्या प्लोवदिवला माणसांनी फिरवायचे लाकडी पाळणे पाहून त्यांचं वर्णन लिहून ठेवलंय. फेरिसचं कर्तृत्व आकाराचं. आयफेल टॉवरला उत्तर म्हणून १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्याने २६४ फुटी पोलादी चाक उभारलं. ३६ डबे, प्रत्येकात ६० जण, म्हणजे एका वेळी २१६० माणसं! (आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेतली पाळण्याची रांग एका फेरीत संपली असती.) पुढे ते चाक अमेरिकेतल्याच सेंट लुईसला नेलं आणि १९०६ मध्ये तिथे सुरुंग लावून पाडलं. गड्ड्याच्या होम मैदानावर पाळणा वर थांबला की सिद्धेश्वर तलाव दिसायचा, पण माझे डोळे गच्च मिटलेले असायचे.