अनुभव धागा: वसंतात दोघं मिळून कुठे गेलात?

आपल्या सोलापुरात वसंत म्हणजे मोजका काळ. माघात थंडी ओसरते, हुरड्याचे दिवस सरतात आणि मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो. मधल्या दिवसांत कडुलिंब मोहरतो, मोगरा बाजारात येतो, संध्याकाळी गच्चीवर वारा सुटतो. नवरा-बायकोनं एकमेकांसाठी घराबाहेर पडावं ते याच दिवसांत. पण मुलांच्या परीक्षा, मार्चएंड, लग्नसराई यांत ते निघून जातात आणि मग उन्हाळाच उरतो. म्हणून विचारते आहे. जत्रा असो, बाग असो, परगाव किंवा परदेश असो, वसंतात दोघं मिळून गेला असाल तर इथे लिहा. खर्चाची, अंतराची अट नाही. अट एवढीच की दोघांनी जायचं म्हणून गेलेलं असावं, कामाला जोडून नव्हे.

सुरुवात मी करते. आम्ही वसंत पंचमीला पंढरपूरला जातो. त्या दिवशी मंदिरात विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं. मंगलाष्टका होतात, अक्षता पडतात, आणि आषाढीची रेटारेटी नसल्यानं दोघांना शेजारी उभं राहता येतं. त्या दिवसापासून रंगपंचमीपर्यंत देवाला पांढरा पोशाख असतो आणि त्यावर गुलाल उधळतात. पुढे पाडव्यापासून चंदनउटी सुरू होते, ती मृग नक्षत्र लागेपर्यंत. उन्हाचा दाह देवाला होऊ नये, ही त्यामागची माया. आमच्या घरी ऋतू बदलला हे कॅलेंडर बघून कळत नाही, विठोबाच्या अंगावर बघून कळतं. आता तुम्ही लिहा.

पूर्व भागातून

माझं माहेर पद्मशाली, घरात तेलुगू. सासर लिंगायत, घरात कानडी. आम्ही दोघं एकमेकांशी मराठीतच बोलतो, कॉलेजात असल्यापासून. त्यामुळे पाडव्याला आमची फेरी ठरलेली. सकाळी सासरी गुढी, मग कडुलिंब आणि गुळाचं बेवू-बेल्ला. तिथून स्कूटरवर माहेरी. अम्मा उगादीची पच्चडी करते, त्यात कडुलिंबाची फुलं, नवी चिंच, गूळ, कैरी, मिरची आणि मीठ असतं. सहाही चवी एकाच वाटीत. फुलं मात्र आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी वेचून आणायची, असं अम्मानं लग्नाच्या वर्षीच सांगून ठेवलंय. ती फांदी वाकवून धरणं, खाली पदर पसरणं, केसांत अडकलेली फुलं एकमेकांच्या डोक्यावरून काढणं, याला सहल म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला तरी वर्षातली सगळ्यात आवडती संध्याकाळ ती.

होटगी रोडवरून

आम्ही नान्नजला जातो. माळढोक अभयारण्य 1979 सालचं, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. मार्चमध्ये पहाटे निघायचं, उजाडता उजाडता माळावर. गवत वाळून पिवळं झालेलं असतं आणि त्यात काळविटांचे कळप. नर काळा-पांढरा, पिळाची शिंगं, मादी बदामी. धावता धावता मध्येच उंच उडी घेतात तेव्हा बायको माझा हात घट्ट धरते, दर वेळी. दुर्बीण एकच आहे, ती आळीपाळीनं.

माळढोक आम्हाला दिसलेला नाही, आणि हे लिहिताना वाईट वाटतं. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळरानं नांगरली गेली, विजेच्या तारा आल्या, आणि एवढ्या जड पक्ष्याला उडताना समोरची तार चुकवता येत नाही. तरी आम्ही जातो. माळ राहिला तर बाकीचे तरी राहतील: काळवीट, लांडगे, चंडोल. जाणाऱ्यांना विनंती, गाडीतली गाणी बंद ठेवा आणि भडक कपडे टाळा.

जुळे सोलापूरहून

आमची लेक आणि जावई प्रागला असतात. हे निवृत्त झाल्यावर एप्रिलमध्ये गेलो. थंडीच्या भीतीनं मी मे महिना म्हणत होते, पण लेक म्हणाली, "आई, एप्रिल संपतानाच ये, तुला होळी दाखवते." मला वाटलं तिकडची मराठी मंडळी करत असतील.

ती होळी 30 एप्रिलला होती आणि चेक लोकांची होती. कडाक्याच्या थंडीला हाकलायचं म्हणून लाकडं रचून त्यावर चिंध्यांची चेटकीण ठेवतात आणि पेटवतात. आम्ही व्हल्टावा नदीकाठी कांपा नावाची जागा आहे तिथे गेलो. लहान मुली टोकदार टोप्या घालून, चेहरे काळे करून आलेल्या. आग पेटली तसे हे उठून उभे राहिले आणि सवयीनं हात तोंडाकडे गेला, बोंब मारायला! तिथे बोंब मारत नाहीत. पण शेजारच्या आजोबांना जावयानं आपली पद्धत समजावून सांगितली तर ते इतके खूश झाले की त्यांनी यांच्याकडून ती करून घेतली.

दुसऱ्या दिवशी 1 मे. तिथे पेट्रशिन नावाची टेकडी आहे, उतारभर चेरी, सफरचंद, नाशपातीची झाडं. टेकडीवर कारेल हिनेक माखा या कवीचा पुतळा आहे. त्यांचं मे महिन्यावरचं दीर्घकाव्य 1836 साली आलं आणि तेव्हापासून चेक लोकांच्या मनात हा दिवस प्रेमाचा. जोडपी पुतळ्यापाशी फुलं ठेवतात. फुललेल्या झाडाखाली त्या दिवशी बाईचं चुंबन घेतलं तर ती वर्षभर सुकत नाही, अशी तिथली समजूत. पोरं-पोरी तर होतीच, पण काठी टेकत आलेली आमच्या वयाची जोडपीही रांग लावावी तशी झाडाखाली येत होती. चेरीचा बहर ओसरत आलेला, सफरचंद मात्र भरात. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही पण." मी पदर सावरून दुसरीकडे बघायला लागले. यांनी आयुष्यात कधी चारचौघांत माझं नाव घेतलेलं नाही. पण त्या दिवशी टोपी काढली आणि माझ्या कपाळावर ओठ टेकवले. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही. हे मी इथे लिहिते आहे कारण आमच्या पिढीतल्या बायकांनी ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

मग तिथेच गवतावर सोलापुरी चादर अंथरली. कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेलेली होती. कडक भाकरी टिकते, वजनाला हलकी. दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत, म्हणून पेढे आणि तूप घरीच ठेवलं होतं.

वॉलेनस्टाईन बागही चुकवू नका. सतराव्या शतकातल्या सरदाराचा वाडा, आता तिथे चेक संसदेचं वरिष्ठ सभागृह भरतं. बागेत फुकट जाता येतं, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. हिरवळीवर मोर फिरतात. ब्राँझचे पुतळे आहेत ते नकला. मूळचे स्वीडिश सैन्यानं 1648 मध्ये लुटून नेले. यांना इतिहासाची आवड, त्यामुळे त्या पुतळ्यांपाशी बराच वेळ गेला. मी मोरांपाशी बसले.

विजापूर रोडवरून

काकू, वाचून आईला फोन केला आणि तिलाही वाचून दाखवलं. आम्ही दोघं पुढच्या वर्षी जायचं म्हणतो आहोत. थंडी किती असते? आणि व्हिसाचं काय?

जुळे सोलापूरहून

पहाटे पाच-सहा अंश, दुपारी पंधराच्या आसपास, ऊन पडलं की छान वाटतं. स्वेटरवर वारा अडवणारं एखादं जाकीट हवंच. रस्ते दगडी आहेत, चपला नकोत, मऊ तळव्याचे बूट घ्या. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. त्यासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो. कागद लवकर गोळा करा. ईस्टर एप्रिलमध्ये येत असेल तर तेव्हाच जा. जुन्या चौकात बाजार भरतो, रंगवलेली अंडी मिळतात. ईस्टरच्या सोमवारी मुलगे विलोच्या कोवळ्या फांद्यांची वेणी करून बायका-मुलींना हळूच मारतात, ताजंतवानं राहावं म्हणून, आणि बदल्यात रंगीत अंडं घेतात. आपल्या रंगपंचमीच्या वेळचीच धमाल.

पुण्यातला सोलापूरकर

आम्ही नेदरलँड्समधली कॉइकनहॉफ ही ट्यूलिपची बाग बघितली. ॲमस्टरडॅमची म्हणतात, पण आहे लिसे गावात. 32 हेक्टर, सुमारे 70 लाख कंद, आणि उघडी असते जेमतेम आठ आठवडे, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. कंद आदल्या शरदात माणसं हातानं लावतात, हे कळल्यावर बायको वाफ्यांकडे जास्त वेळ बघत राहिली. तिचे वडील शेतकरी. तिकीट तारखेचं आणि वेळेचं असतं, आधीच काढा. उघडताच आत शिरलं की पहिला तास निवांत मिळतो.

अक्कलकोट रोडवरून

आमचं युरोप नाही. मिस्टर यंत्रमागावर, पाळी संपायला संध्याकाळ होते. चैत्रात आम्ही सिद्धेश्वर तलावावर जातो. येताना मोगऱ्याचा गजरा असतोच. देवदर्शन, मग तलावाच्या कट्ट्यावर बसून भुईकोट किल्ल्याच्या तटाकडे बघत बोलायचं. घरात सासू-सासरे, दीर, मुलं. तिथे एकमेकांशी सलग बोलायला जागा नाही. घर घ्यायचं का, मुलीला कुठल्या शाखेला घालायचं, सगळे निर्णय आम्ही त्या कट्ट्यावर केलेत.

धागा काढणारी

ताई, तुमचं वाचून फार बरं वाटलं. या धाग्यात मला हवं होतं ते हेच. कुणी रंगपंचमीवर लिहिलं नाही अजून.

साखर पेठेतून

लिहितो की! जुन्या सोलापुरात रंग खेळायचा तो रंगपंचमीला. लोधी समाजाच्या रंगगाड्या निघतात, बैलगाडीवर रंगाची पिंपं, आणि दोन्ही बाजूंच्या घरांवर, माणसांवर रंगाचा मारा. लग्नाआधी मी मित्रांबरोबर गाड्यांमागे पळायचो. बायको नाशिकची, तिकडे पेशव्यांच्या काळच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारतात, त्यामुळे ती माझ्यापेक्षा रंगात मुरलेली. पहिल्या वर्षी आमच्या आईनं तिला गॅलरीतून बघ म्हणून सांगितलं. दुसऱ्या वर्षी आई स्वतःच म्हणाली, "जा दोघं." आता तीच खाली येऊन तिला गुलाल लावते आणि आम्हाला पिटाळते.

बाहेरून येणार असाल तर गाडी लांब लावा, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घाला, अंगाला खोबरेल चोळून या. दुपारी आमच्याकडे जेवायला या, ताटं वाढलेली असतात.