सेकंडहँड गाडी घेतल्यावर काय काय निघालं? अनुभव लिहा

बोगद्यापलीकडचा
परवा भाच्यानं कराडहून जुनी मोटारसायकल आणली. एमएच ५० पासिंग, चकाचक पॉलिश. साताऱ्यात पोवई नाक्यावर बंद पडली. जमलेल्यातला एक म्हणतो प्लग, दुसरा म्हणतो कॉईल, तिसऱ्यानं थेट इंजिनकाम काढलं. ते ऐकताना माझी पहिली गाडी आठवली.

शंभर सीसीची फोरस्ट्रोक, मी तिसरा मालक. गावात एकदम झकास चालायची. वाईला निघालो की लिंब फाट्याच्या आसपास गचके द्यायची आणि गप्प. जरा वेळ सावलीत बसलं की एका किकमध्ये चालू. पाचवडला परत तेच. प्लग बदलला, कॉईल बदलली, कार्बोरेटर धुऊन झाला. गॅरेजवाला म्हणाला, बोअर (इंजिनचा सिलिंडर) काढून बघू. पगार किती होता तेव्हा, बोअर कसला काढताय!

एकदा रसाच्या गाड्यासमोरच बंद पडली. रसवाले काका घुंगरांचं यंत्र थांबवून आले. म्हणाले, "टाकीचं झाकण उघड बघू." उघडलं तर 'सुस्स' करून हवा आत ओढली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. आधीच्या मालकानं टाकी रंगवली तेव्हा ते रंगानं बुजलेलं. पेट्रोल खाली उतरेल तशी वरून हवा आत जायला पाहिजे, नाहीतर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. गाडी उभी राहिली की फटीतून थोडी हवा शिरते, म्हणून परत चालू. काकांनी पोतं शिवायच्या दाभणानं रंग खरवडला, फुंकर मारून बघितलं, झालं काम. रसाचे मात्र पूर्ण पैसे घेतले.

भाच्याच्या गाडीचं अजून कळलेलं नाही. तुमचे किस्से येऊ द्या.

हळदीचं पेव
दादा तुमचं दाभणावर भागलं. माझी पुरातली निघाली.
२०१९ च्या पुरानंतर दिवाळीत घेतली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, अख्ख्या गावभागात किती गाड्या बुडाल्या असतील विचार करा. विकणारा म्हणाला, गाडी वरच्या मजल्यावर होती. गाडी?? वरच्या मजल्यावर??
आठ दिवसांत हेडलाईट, इंडिकेटर, हॉर्न सगळे आपापल्या मर्जीनं चालू-बंद. हेडलाईटचा डोम खोलला तर आत कृष्णामाईचा गाळ, वाळून कडक झालेला. वायरिंगचे कपलर हिरवेगार. ऑईल काढलं तर दुधाळ, चहासारखं. म्हणजे पाणी आत गेलेलं. ऑईल घालायचं, थोडी फिरवायची, काढायचं, असं स्वच्छ निघेपर्यंत केलं. वायरिंग पूर्ण नवीन टाकली. अजून चालवतोय.
गाडी बघायला जाताना एक स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा आणि सीट काढून कोपऱ्यात बोट फिरवा. पॉलिश तिथपर्यंत जात नाही.

कऱ्हाडी
एमएच ५० ला नावं ठेवू नका 😄

बोगद्यापलीकडचा
नाही हो, गाडीला ठेवतोय.

मीनलची आई
आमच्या ह्यांनी घेतलेली, माझं मत कोण विचारतंय. कासला फुलं बघायला निघालो. यवतेश्वरच्या चढाला इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी जागेवर. मला उतरवलं. चढभर मी चालत आणि हे पुढच्या वळणावर थांबून हात करतायत. मागून येणाऱ्या जीपमधली माणसं मला लिफ्ट विचारत होती!!
क्लच प्लेटा गेल्या असं सगळ्यांनी सांगितलं. माझा भाऊ आला त्यानं ऑईलचा डबा बघितला. घरात उरलेलं कारचं ऑईल घातलं होतं. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये भिजलेला असतो, आणि कारच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करायचं औषध असतं, मग प्लेटा धरणार कशा? डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (असल्या ऑईलमधल्या क्लचला चालणारं ऑईल, त्याची खूण) बघून घ्यायचं म्हणाला. वर क्लचची केबल इतकी ताणलेली की लिव्हरला जरासुद्धा ढिल नाही, तेवढ्यानंही स्लिप होतो म्हणे. दोन्ही केलं, प्लेटा त्याच आहेत अजून.
कुकर झाला, येते.

वाळव्याचा पाव्हणा
वैनी फुलं बघितली का न्हाई शेवटी

मीनलची आई
चालताना बघितली की, रस्त्याकडेची 😂

दोनस्ट्रोकी
यामाहा आरएक्स १०० वाले कोणी आहे का इथे? १९९६ ला बंद झाली, आता भाव ऐकून चक्कर येते. माझी घेतली तेव्हा पिकअपच नव्हता, चाळीसच्या वर जाईना. सायलेन्सरची आतली नळी काढली, कार्बननं गच्च. टूस्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलबरोबरच जळतं, त्याची काजळी. चुलीत लाल होईस्तोवर तापवली, हातोडीनं झटकली. मग काय विचारता. आई म्हणाली चुलीवरच्या भाकरीला ऑईलचा वास येतोय.

ना_नफा
आधी कागद बघा मंडळी. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघा, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊनच पैसे द्या. बँकेचा बोजा चढवलेला असेल तर आधी उतरवायला सांगा. इंजिन दुरुस्त होतं, कागद होत नाहीत.

सायकलवाला तासगाव
तातडीचं विचारतो. नवीनच घेतलीय (म्हणजे जुनी). चोक ओढला की चालू, चोक बंद केला की बंद. किक मारून पोटरी सुजली. कोणी सांगेल का

मिरजेचा पाना
गॅरेज आहे माझं, हात काळे आहेत, थोडक्यात सांगतो. कार्बोरेटरमधला पायलट जेट (गाडी हळू चालताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) चोकअप. गाडी बरेच दिवस उभी होती ना? पेट्रोल वाळून चिकटतं. जेट काढा, हवा मारा. दाभण घालू नका, जेट पितळेचा असतो, भोक मोठं झालं तर पेट्रोल पिईल. वायरची एक बारीक तार चालते. तरी नाही झालं तर कार्बोरेटर आणि इंजिनमधलं रबर बघा, चीर पडली की बाहेरची हवा ओढतं.
बाकीच्यांना पण सांगतो. गाडी बघायला गेल्यावर इंजिनला आधी हात लावा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलीय, का ते विचारा. धूर निळा तर ऑईल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचं सील. काळा तर पेट्रोल जास्त, ते स्वस्तात होतं. थंडीत सकाळी थोडा पांढरा येतो ती वाफ, घाबरू नका. मीटरवर जाऊ नका, फूटरेस्टचं रबर आणि गिअर लिव्हर किती घासलाय ते बघा. डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचला, हँडल हळू फिरवा, मधोमध अडकलं तर बॉल रेसला (हँडलच्या बेअरिंगला) खड्डे पडलेत.

बोगद्यापलीकडचा
मिस्त्री, हे सोन्यासारखं लिहिलंत. भाच्याची गाडी घेऊन मिरजेला येऊ का?

मिरजेचा पाना
या. रविवारी नको, जत्रा आहे गावाकडं.

कऱ्हाडी
येताना कंदी पेढे आणा त्यांना, मजुरी कमी होईल

हळदीचं पेव
मिरजेला जायचं तर भडंग घेऊन परत जावा. पेढे काय साताऱ्यातच खाताय रोज.

मीनलची आई
भडंगात लसूण जास्त असेल तेच घ्या, शिळं असलं तरी चालतं.

सायकलवाला तासगाव
झाली चालू!! जेटमधून हिरवट चिकट काहीतरी निघालं. मिस्त्री तुमचे लई उपकार. आता हॉर्न वाजत नाही.

वाळव्याचा पाव्हणा
तासगावात कोण ऐकतंय हॉर्न, वरडत जा