इचिरोच्या ४,३६७ हिट्स: जपानमधल्या धरायच्या की नाही?

सिएटलकर

जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकी जुलै २०२५ मध्ये कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सन्मान-दालनात गेला. ३९४ पैकी ३९३ मतं. तेव्हापासून आमच्याकडे जेवताना एकच वाद चालू आहे, तो इथे आणतोय.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी एवढंच: बॅटरने चेंडू मारला, समोरच्यांची चूक नसताना किमान पहिला बेस गाठला, की एक हिट. इचिरोच्या मेजर लीगमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमधल्या हिट्स ३,०८९. त्याआधी जपानमध्ये ओरिक्स ब्लूवेव्हकडून नऊ हंगामांत १,२७८. बेरीज ४,३६७. मेजर लीगचा विक्रम पीट रोझचा, ४,२५६. जून २०१६ मध्ये सॅन दिएगोला इचिरोची बेरीज त्याच्या पुढे गेली, तेव्हा रोझ चिडून म्हणाला होता की उद्या याच्या शाळेतल्या हिट्सही मोजाल.

माझं मत: बेरीज धरलीच पाहिजे. मेजर लीगचा विक्रम रोझचा आहे आणि राहील, त्याबद्दल वाद नाही. पण इचिरोची कारकीर्द सांगताना २००१ पासून सुरुवात करणं हे मला पटत नाही. मेजर लीगमध्ये पहिल्याच वर्षी ०.३५० सरासरी (म्हणजे बॅटिंगच्या दर संधीमागे हिट्स), २४२ हिट्स, ५६ बेस चोरले (पिचर चेंडू टाकत असतानाच पुढचा बेस गाठणं). सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही किताब एकाच हंगामात. हा ‘नवोदित’ तेव्हा २७ वर्षांचा होता आणि जपानच्या दोन मुख्य लीगपैकी पॅसिफिक लीगमध्ये सलग सात वर्षं फलंदाजीत पहिला आला होता! तो इथे खेळायला शिकला नाही, शिकून आला.

आणि उशिरा का आला? स्वतःचा संघ निवडायला मोकळं व्हायचं तर जपानमध्ये नऊ-दहा वर्षं खेळावं लागायचं. बोली लावून खेळाडू नेण्याची वाट १९९८ च्या सुमारास उघडली. २००० च्या शेवटी ओरिक्सने सोडलं, तेव्हा सिएटलच्या संघाने, मरिनर्सनी, त्याच्याशी नुसती बोलणी करण्याच्या हक्कासाठी सुमारे १.३ कोटी डॉलर मोजले. त्याच्या हातात नव्हतं त्याची किंमत त्याने का भरायची?

आकडेवाला

विरोध. इचिरो मलाही आवडतो, पण दोन लीगमधल्या हिट्सची बेरीज म्हणजे दोन वेगळ्या मापांनी मोजलेलं धान्य एका पोत्यात ओतणं.

अमेरिकन टफी रोड्स मेजर लीगमध्ये कुणाच्या लक्षातही राहिला नसता. त्याने जपानमध्ये २००१ साली ५५ होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून सादाहारू ओहच्या एका हंगामातल्या विक्रमाशी बरोबरी केली. उलट बाजूने बघा, हिदेकी मात्सुईने २००२ मध्ये जपानमध्ये ५० मारले आणि पुढच्याच वर्षी मेजर लीगमध्ये यांकीजकडून १६. खुद्द ओहचे कारकिर्दीत ८६८ आहेत, मेजर लीगचा विक्रम बॅरी बॉन्ड्सचा, ७६२. मेजर लीगच्या यादीत ओहला कोणी वर बसवलंय का?

मग रोझच्या मायनर लीगमधल्या ४२७ पण धरा. तोही इचिरोच्या पुढे जाईल.

सिएटलकर

मायनर लीग आणि जपानची सर्वोच्च व्यावसायिक लीग एका पंक्तीत बसवू नका हो. एक शिकायची जागा आहे, दुसरी त्या देशातली सगळ्यात वरची पायरी.

मात्सुईचं उदाहरण ताकदीच्या फलंदाजाचं. इचिरोचेच आकडे घ्या. जपानमधली सरासरी ०.३५३. अमेरिकेतल्या पहिल्या दहा हंगामांत ०.३३१, आणि दहाही हंगामांत दोनशेच्या वर हिट्स. घसरण आहे, पण नगण्य. शिवाय जपानचा हंगाम तेव्हा १३०-१३५ सामन्यांचा, इथला १६२ चा. १९९४ मध्ये त्याने १३० सामन्यांत २१० हिट्स केल्या, तिथे दोनशे पार करणारा तो पहिलाच. बॅटिंगच्या संधी मोजल्या तर रोझच्या १४ हजारांवर, इचिरोच्या दोन्हीकडच्या मिळून साडेतेरा हजारांच्या आसपास. जपानमध्ये राहून त्याला आयत्या हिट्स मिळाल्या असं दिसत नाही.

पूर्वा_१९

तुम्ही दोघं चुकीच्या आकड्यावर भांडताय असं मला मनापासून वाटतं. चार वाईट चेंडू सोडून दिले की वॉक मिळतो, तेव्हाही खेळाडू बेसवर पोचतोच. संघाला तो पोचला याच्याशी मतलब. इचिरो चेंडू सोडायचाच नाही. २००४ च्या एका हंगामातल्या २६२ हिट्सचा विक्रम काढून बघा, त्यातल्या २२५ सिंगल्स, म्हणजे फक्त पहिला बेस गाठणाऱ्या हिट्स! बेसवर पोचण्याचं प्रमाण कारकिर्दीत ०.३५५, रोझचं ०.३७५. मेजर लीगमध्ये एकूण होमरन ११७. उत्तम खेळाडू, नक्कीच. पण ‘सगळ्यात जास्त हिट्स’ हा मुकुट मुळात एवढा मोठा आहे का?

राइट_फील्ड

पूर्वाताई, आकडे बरोबर आहेत तुमचे. पण तुम्ही त्याला फक्त बॅट हातात असताना मोजलंत.

११ एप्रिल २००१, ओकलंड. टेरेन्स लाँग पहिल्या बेसवर. सिंगल राइट फील्डकडे, मैदानाच्या उजव्या टोकाला इचिरोच्या जागी गेली, लाँग दुसरा ओलांडून तिसऱ्याकडे धावला. कोणीही धावला असता. इचिरोने धावत येऊन चेंडू उचलला आणि थेट तिसऱ्या बेसवर फेकला, टप्पा नाही, कमान नाही. तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूला हातमोजा हलवावासुद्धा लागला नाही, लाँग येऊन त्यावर आदळल्यासारखा बाद झाला. त्यानंतर इचिरोच्या बाजूला चेंडू गेला की धावणारे दुसऱ्या बेसवरच थबकायचे. ही न घेतलेली धाव कुठल्या रकान्यात लिहिणार? क्षेत्ररक्षणाचे दहा गोल्ड ग्लव्ह किताब उगाच नाही मिळाले.

आणि त्या सिंगल्स मी राइट फील्डमागच्या बाकांवर बसून वर्षानुवर्षं बघितल्यात. आधी बॅट पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे) सरळ उभी धरायची, दुसऱ्या हाताने खांद्यावरची बाही चिमटीत ओढायची, दर वेळी, न चुकता. मग चेंडू बॅटला लागतो न लागतो तोच पाय पहिल्या बेसकडे निघालेले. साधा घरंगळत गेलेला चेंडू शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) उचलून फेकेपर्यंत हा पोचलेला असे. त्या घाईत समोरचे चेंडू सांडायचे. दोन चेंडूंच्या मधल्या वेळातही तो राइट फील्डमध्ये नुसता उभा नसे, कायम पाय ताणत असायचा.

ओसाकावासी

मी नोकरीनिमित्त इथे आठ वर्षं आहे. तुमच्या वादात एक गोष्ट राहतेय.

१७ जानेवारी १९९५ ला कोबेला भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली. ओरिक्सचं घरचं मैदान कोबेतच. त्या हंगामात खेळाडूंच्या बाहीवर ‘गानबारो कोबे’ लिहिलेलं होतं, ‘कोबे, जोर धरूया’ असं काहीसं. त्याच वर्षी संघाने पॅसिफिक लीग जिंकली, १९९६ ला जपान सीरिज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका. आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी कोबेचे. त्या वर्षी ते शाळेच्या व्यायामशाळेत राहत होते, रात्री तिथल्या एकुलत्या रेडिओवर सामना लागायचा. इचिरो खेळायला आला की रांगेत उभी माणसंही गप्प व्हायची, म्हणाले. त्या हिट्स १,२७८ मधल्याच. त्या ‘धरायच्या का’ असं विचारलं की इथल्या माणसाला ते लागतं.

आकडेवाला

ओसाकावासी, हे वाचून थांबलो थोडा. पण त्या हिट्स पुसा असं मी म्हणतच नाहीये. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. ती खेळी प्रथम श्रेणीच्या पानावर ताठ उभी आहे, तिला कसोटीच्या पानावर आणलं नाही म्हणून ती लहान झाली का?

राइट_फील्ड

पण मेजर लीगने स्वतःच पानं बदललीत. मे २०२४ मध्ये निग्रो लीग्जचे, म्हणजे पूर्वीच्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले, आणि कारकिर्दीच्या सरासरीत तिथला जॉश गिब्सन मेजर लीगच्या टाय कॉबच्या वर गेला.

आकडेवाला

ते वेगळं. त्या खेळाडूंना कातडीच्या रंगावरून बाहेर ठेवलं होतं आणि त्यांच्या नोंदींना वाली नव्हता. जपानच्या लीगची स्वतःची दप्तरं आहेत, स्वतःचं हॉल ऑफ फेमही आहे, आणि त्यातही इचिरो २०२५ लाच गेला. तिथे कोणावर अन्याय झालेला नाही.

सिएटलकर

अन्यायाचा फरक मान्य. तो मुद्दा मी माझ्या बाजूने वापरणार नाही.

पण एक आठवण सांगतो. १ ऑक्टोबर २००४ ला मी मैदानात होतो. आमचा संघ त्या वर्षी ९९ सामने हरला, तरी स्टेडियम भरलेलं. तिसऱ्या इनिंगमध्ये पिचरच्या बाजूने सरळ सिंगल, हंगामातली २५८ वी. जॉर्ज सिस्लरचा १९२० चा २५७ चा विक्रम मोडला. संघ धावत आला, आतषबाजी झाली, आणि इचिरो पहिल्या बेसजवळच्या प्रेक्षकांकडे चालत गेला. तिथे सिस्लरची मुलगी बसली होती, ऐंशी पार केलेली. कमरेत वाकून तिचा हात हातात घेतला. सिस्लरला १५४ सामन्यांचा हंगाम होता, इचिरोला १६२ चा, यावर तेव्हाही ओरड झालीच होती. पुढे २००९ मध्ये ऑल-स्टार सामन्यासाठी सेंट लुईसला गेला, तेव्हा सिस्लरच्या थडग्यावर फुलं वाहून आला.

पूर्वा_१९

हे माहीत नव्हतं. एकच विचारते: जपानमधून मेजर लीगमध्ये आलेल्या ओहतानीचे तिथले ४८ होमरन पण धरणार का मग? उद्या तो कोणाच्या तरी जवळ पोचला की हाच धागा पुन्हा निघेल.

सिएटलकर

धरणार. आजच लिहून ठेवतो.