मदत हवी आहे: गाडी गरम झाली की मध्येच बंद पडते, गॅरेजमध्ये मात्र दोष सापडत नाही (नाशिक)

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते आहे. तीन गॅरेज फिरून झाली आणि प्रत्येक ठिकाणी माझी अर्धीच गोष्ट ऐकून पाना हातात घेतला गेला.

गाडी २००६ ची छोटी हॅचबॅक, पेट्रोल, चार सिलिंडर, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटर नाही, इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी). १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. वडिलांनी नवी घेतली होती, ते गेल्यापासून म्हणजे २०१३ पासून मीच चालवते. २०२१ ला नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. ती मुदत या दिवाळीआधी संपते, तेव्हा पेठ रोडला आरटीओत पुन्हा न्यायची आहे. 'काढून टाका' असा सल्ला कृपया देऊ नका. आईला मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला न्यावं लागतं, मखमलाबादहून मुंबई नाक्याला. जाताना रिक्षा चालते. येताना तिचं बीपी उतरलेलं असतं, मागच्या सीटवर आडवं व्हावं लागतं. दुसरी गाडी घेणं आत्ता जमणार नाही.

आता त्रास. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. पंचवीस-तीस मिनिटं चालली आणि त्यात ट्रॅफिक लागलं की कधीतरी इंजिन एकदम बंद. झटके नाहीत, मिसिंग नाही, पंख्याचं बटण बंद केल्यासारखं. लाइट, हॉर्न सगळं चालू राहतं. सेल्फ मारला तर इंजिन नेहमीच्या जोमाने फिरतं, पण उचलत नाही. वीस मिनिटं ते अर्धा तास थांबलं की पहिल्या सेल्फला सुरू. मार्चपासून असं सहा वेळा झालं: दोनदा त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला, एकदा सीबीएस बस स्टँडजवळ, दोनदा द्वारका चौकाच्या कोंडीत आणि एकदा रामवाडी पुलावर. पुलावर आई मागे झोपलेली होती. मागून हॉर्न वाजत होते आणि मला तिला उठवताही येत नव्हतं. त्या दिवसापासून मी ही गाडी घेऊन निघताना घाबरते.

दुसरा त्रास गेल्या दिवाळीपासूनचा. महिन्यातून दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर नुसतं 'कट्' होतं, पुन्हा किल्ली फिरवली की चालू. रात्री हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावले की टेम्परेचरचा काटा थोडा चढतो, बंद केले की उतरतो. लाइटही पूर्वीपेक्षा मंद वाटतात.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते. पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलली. दुसऱ्याने काटा चढतो म्हणून थर्मोस्टॅट (इंजिनच्या पाण्याचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) बदलला. तिसरा माणूस मनापासून काम करणारा. द्वारकेला गाडी बंद असतानाच येऊन त्याने पाहिलं, तर सेल्फ मारताना पेट्रोल पंप चालत नव्हता. म्हणून पंप आणि त्याचा रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच) दोन्ही नवे टाकले. साडेसहा हजार गेले आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच. स्कॅनरही लावून झाला, दोष दाखवणारा एकही कोड नाही.

क्लच हल्ली जड झालाय आणि ॲक्सिलरेटर अडकल्यासारखा येतो. पण क्लचप्लेट गेल्या ऑक्टोबरमध्येच बदलली आहे, तेव्हा ते वेगळं असावं.

मला विचारायचंय ते हे: गाडी बंद पडल्यावर जी वीस मिनिटं हातात असतात, त्यात मी स्वतः काय तपासू? हा एक दोष आहे की दोन? आणि अंदाजाने पार्ट न बदलता मीटर लावून बघणारा वायरिंगचा माणूस नाशिकमध्ये कुणाला माहीत आहे का?

प्रतिसाद: रानवारा

उन्हाळ्यातच होतंय म्हणजे व्हेपर लॉक असणार, पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन अडकते. आमच्या जुन्या गाडीला कसाऱ्याच्या घाटात हमखास व्हायचं. पेट्रोलच्या पाइपवर ओलं फडकं ठेवलं की पाच मिनिटांत चालू. शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, जुन्या गाड्यांना ते मानवत नाही.

प्रतिसाद: जुना वायरमन, सातपूर

ताई, तुम्ही शेवटी 'वेगळं असावं' म्हणून जे सोडून दिलंत, तिथूनच सुरू करतो.

क्लचप्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो उतरवताना अर्थिंगची जाड पट्टी काढावी लागते, जी बॉडीपासून गिअरबॉक्सला येते. परत बसवताना ती गंजावर, रंगावर किंवा ढिल्या बोल्टखाली बसली तर इंजिनची अर्थिंग अर्धवट राहते. सेल्फला दीडशे-दोनशे अँपिअर लागतात आणि तो करंट बॅटरीकडे परत यायला वाट शोधतोच. पट्टीतून वाट नसेल तर इंजिनला लोखंडाने जोडलेल्या ज्या वस्तू आहेत त्यांतून जातो, म्हणजे क्लचची केबल आणि ॲक्सिलरेटरची केबल. त्या आतून तापतात, आतलं अस्तर वितळतं आणि पेडल जड होतं. ऑक्टोबरमध्ये क्लचचं काम, दिवाळीपासून 'कट्'. तुम्हीच दोन्ही तारखा दिल्यात.

काट्याचंही तेच. पाणी काही बटणासरशी गरम-थंड होत नाही. काटा बटणाबरोबर हलत असेल तर ती वीज आहे, उष्णता नाही. तुमच्या गाडीत त्या काट्याचा सेन्सर इंजिनच्या लोखंडातूनच अर्थ घेत असणार. थर्मोस्टॅटचे पैसे वाया गेले, वाईट वाटतं.

हे घरी तपासता येईल. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, क्लिपवर नाही, खुद्द शिशाच्या खुंटावर. लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्थिंग चांगली असेल तर ०.२ व्होल्टच्या आसपास येईल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोष सापडला. मग लाल पिन बॉडीवर ठेवून तेच करा, म्हणजे कुठल्या टप्प्यात गळती आहे ते कळेल. नुसता ओहम मोजून समाधान मानू नका. पट्टीच्या शंभर तारांपैकी दोन शाबूत असल्या तरी ओहम चांगलेच दिसतात, लोड आला की खरं कळतं.

आता बंद पडण्याबद्दल. व्हेपर लॉक कार्बोरेटरच्या गाड्यांचा आजार, रानवारा म्हणतात तो त्या काळी खरा होता. एमपीएफआयमध्ये पंप टाकीत असतो आणि लाइनमध्ये साधारण तीन बारचा दाब, तिथे सहसा होत नाही. इथेनॉलने जुने रबरी पाइप खराब होऊ शकतात, ते अवश्य बघून घ्या. पण पाइप खराब झाल्यावर गाडी अर्ध्या तासाने आपोआप बरी होत नाही.

तुमच्या तिसऱ्या मिस्त्रीने पाहिलं ते बरोबर पाहिलं, अर्थ चुकीचा लावला. किल्ली ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद चालतो, दाब तयार करतो आणि थांबतो. पुढे तो तेव्हाच चालतो, जेव्हा क्रँक सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, 'इंजिन फिरतंय' असं कळवतो. ही सोय सुरक्षेसाठी आहे, अपघातात इंजिन थांबलं तर पेट्रोल वाहत राहू नये म्हणून. क्रँक सेन्सर मेला की ईसीयूच्या लेखी इंजिन उभंच आहे. मग तो ना स्पार्क देतो, ना इंजेक्टर उघडतो, ना पंप चालवतो. पंप बंद होता तो त्यामुळे. कोड न येण्याचं कारणही त्यातच आहे. इंजिन थांबलंय की नुसता सिग्नल थांबलाय, हे जुन्या ईसीयूला नेहमी ओळखता येत नाही.

त्या सेन्सरच्या आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. ती तार कुठे तुटत आली असेल तर गरम झाल्यावर फुगून सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकते. चालत्या गाडीला वारा मिळतो, सिग्नलला मिळत नाही. म्हणून द्वारका आणि त्र्यंबक नाका.

पुढच्या वेळी बंद पडली की आधी गाडी कडेला, हझार्ड लाइट चालू. मग किल्ली फक्त ऑन करून कान द्या. मागच्या सीटखालून दोन सेकंद गुणगुण आली तर पंप आणि त्याचा रिले ठीक आहेत. मग स्पार्क टेस्टर लावून सेल्फ मारा, तो दोनेकशे रुपयांना मिळतो. प्लगची वायर हातात धरून बघू नका आणि उघडा प्लग टेकवून ठिणगी काढू नका, आजूबाजूला पेट्रोलची वाफ असते. गुणगुण आहे आणि ठिणगी नाही, तर क्रँक सेन्सरवर गार पाण्याचं फडकं पाच मिनिटं धरा. सुरू झाली तर पुरावा मिळाला. सेन्सर कुठे आहे ते आधीच घरी बघून ठेवा, बहुतेक गिअरबॉक्सच्या घंटीजवळ (इंजिनला जोडलेल्या रुंद तोंडाजवळ) असेल. तो भाग उतरवताना त्यालाही हात लागला असणार.

एक विनंती. अल्टरनेटर बघायला कुणी चालू गाडीत बॅटरीची क्लिप काढू लागलं तर काढू देऊ नका. व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जातो. मग गाडी खरंच काढावी लागेल.

प्रतिसाद: घाटवाट

काकांनी सगळं सांगितलंच आहे. फक्त चालकासाठी एक: इंजिन बंद पडलं तरी ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो. म्हणून ब्रेक थोडा थोडा दाबत राहू नका, एकदाच नीट दाबून धरा आणि गाडी डावीकडे घ्या. पॉवर स्टिअरिंग असेल तर ते जड होईल, दोन्ही हातांनी ओढायची तयारी ठेवा. किल्ली ऑनच राहू द्या, मागे फिरवून काढलीत तर स्टिअरिंग लॉक होईल. आई बरोबर असताना गाडीच्या मागे रस्त्यावर ठेवायला लाल त्रिकोणही घ्या.

धागाकर्ती

काका, रविवारी शेजारच्या मुलाला सेल्फ मारायला बसवलं आणि मोजलं. बॅटरीचा खुंट ते बॉडी: ०.१ व्होल्ट. बॅटरीचा खुंट ते इंजिन: १.९ व्होल्ट! मी तीनदा मोजलं, दर वेळी १.८ च्या वरच.

मग गॅरेजमधून जंपर केबल आणून तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनला लावलं. सेल्फचा आवाजच वेगळा आला, वडील गाडी चालवायचे तेव्हासारखा. हेडलाइट आणि ब्लोअर लावले, टेम्परेचरचा काटा जागचा हलला नाही. मी किती वेळ त्या काट्याकडेच बघत बसले होते.

पट्टी खालून काढली तर गिअरबॉक्सकडच्या टोकाला बोल्ट हाताने फिरत होता आणि टर्मिनलखाली हिरवट पांढरी पावडर. नवी पट्टी घेतली, दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासल्या, वॉशर टाकून घट्ट केलं, वरून ग्रीस लावलं. आता इंजिनपर्यंत ०.१५. सगळे लाइट लावून चालू गाडीत बॅटरीवर १४.१ व्होल्ट येतात, आधी १३.२ येत होते.

क्लच अजून जडच आहे. गरम झाल्यावर बंद पडण्याचं अजून समोर आलेलं नाही. आईला सध्या रिक्षानेच नेते-आणते.

प्रतिसाद: जुना वायरमन, सातपूर

१.९ म्हणजे सेल्फला बिचाऱ्याला दहाच्या खालीच व्होल्टेज मिळत होतं. क्लचची केबल बदलावीच लागेल, आतून जळलेली केबल तेल घालून सुधारत नाही. दुसरा दोष मात्र वेगळा धरा. अर्थिंग झाली म्हणून तो गेला असं समजून आईंना गाडीत बसवू नका. एकट्या असताना तो मुद्दाम घडवून आणा. दुपारी निघा, गाडी चांगली तापू द्या, मग बोनेट बंद ठेवून उभ्या गाडीत इंजिन चालू राहू द्या.

धागाकर्ती

घडला, काका.

बुधवारी दुपारी दोनला भावाला घेऊन त्र्यंबक रोडने अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत गेले. येताना महिरावणीजवळ झाडाखाली गाडी लावली आणि इंजिन चालू ठेवून बसले. अकराव्या मिनिटाला बंद! इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती बंद पडल्यावर मला बरं वाटलं.

किल्ली ऑन केली, मागून दोन सेकंद गुणगुण आली. स्पार्क टेस्टर लावून भाऊ सेल्फ मारत होता, ठिणगी नाही. मग बाटलीतल्या गार पाण्यात भिजवलेलं फडकं सेन्सरवर धरलं, पाण्याची धार सोडत राहिले. सहा मिनिटांनी पहिल्या सेल्फला सुरू. एरवी तिला वीस मिनिटं लागतात.

गुरुवारी सेन्सर काढला. थंड असताना मीटरवर साडेपाचशेच्या आसपास ओहम. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कडकडीत पाण्यात सोडला, तर थोड्या वेळाने आकडे नाचायला लागले आणि मग मीटरने सर्किट तुटल्याचं दाखवलं. बाहेर काढून थंड केला की पुन्हा साडेपाचशे. हे मी आईलाही बोलावून दाखवलं. सेन्सरच्या वायरची क्लिपही जागेवर नव्हती, वायर सायलेन्सरच्या पाइपच्या बाजूला लोंबत होती. ती वर बांधून घेतली आहे. नवा सेन्सर चौदाशेला मिळाला.

त्यानंतर तीन आठवडे झाले. भर दुपारी द्वारकेला पाऊण तास अडकले, चालूच राहिली. त्यानंतरच आईला घेऊन जायला सुरुवात केली. गेल्या शुक्रवारी ती रामवाडीच्या आधीच झोपली, ती घरी पोचल्यावर उठली.

तिसऱ्या गॅरेजवाल्यांना हे सगळं जाऊन सांगितलं. त्यांनी पंप आणि सेन्सरचा संबंध माझ्याकडून कागदावर लिहून घेतला. क्लचची केबल त्यांनीच बदलून दिली, मजुरी घेतली नाही. पेडल आता हलकं आहे. ॲक्सिलरेटरची केबल मात्र अजून तीच आहे. काका, ती बदलायला तुम्ही फोनवर सांगितल्याप्रमाणे रविवारी सकाळी सातपूरला गाडी घेऊन येते. जुनी पट्टी आणि जुना सेन्सर दोन्ही बरोबर आणते, तुम्हाला बघायचे होते ना.