बारावीनंतर अग्निवीर की आधी पदवी? धाकट्या भावासाठी सल्ला हवा आहे

नमस्कार. भाऊ १८ वर्षांचा आहे, नुकताच बारावी सायन्स झालाय. त्याला अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांच्या भरतीने, सैन्यात जायचंय, बाबांना त्याने आधी बीएस्सी करावी असं वाटतं. दोघंही मलाच म्हणतात, "ताई, तू सांग." मला ठरवता येत नाहीये, म्हणून इथे विचारते.

हे दोन दिवसांचं खूळ नाही. दीड वर्ष झालं, पहाटे पाचला उठून पळतोय. १.६ किलोमीटरची वेळ रोज कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवतो. सुरुवातीला ७ मिनिटं १० सेकंद होती, परवा ५:४१ आली. साडेपाच मिनिटांच्या आत आलं की भरतीच्या चाचणीत धावण्याचे पूर्ण ६० गुण, म्हणून त्या ११ सेकंदांसाठी त्याचा जीव चाललाय. पुलअप्स आठ होतात, पूर्ण गुणांसाठी दहा लागतात. एनडीएची (बारावीनंतर थेट अधिकारी होण्यासाठीची) लेखी एकदा दिली, गणितात अडकला. साडेएकोणीसची वयोमर्यादा बघता अजून एखादा प्रयत्न हातात आहे.

बाबांना जिवाची भीती नाही, पगाराचंही काही नाही. पहिल्या वर्षी ३०,००० मधले ३० टक्के सेवा निधीत जाऊन हातात २१,००० येतात, सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याज धरून साधारण ११.७१ लाख मिळतात, हे सगळं त्यांनी स्वतः वहीत मांडून पाहिलंय. पेन्शन नाही, तेही त्यांना मान्य आहे. त्यांचा प्रश्न एकच: कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. हा उरलेल्यांत निघाला, तर बाविसाव्या वर्षी बारावी पास म्हणूनच घरी येणार का? आणि तेव्हा अठरा वर्षांच्या पोरांशेजारी फर्स्ट इयरला बसायचं मन होईल का?

भावाचं उत्तर तयार आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा अग्निवीरांसाठीचा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यात निम्मे क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरतात. "पदवी तिथेच होईल, मग सीडीएस, म्हणजे पदवीधरांसाठीची अधिकारी भरतीची परीक्षा, देईन. आयएमएला, डेहराडूनच्या लष्करी अकादमीला, वय २४ पर्यंत चालतं." कागदावर मलाही पटतं. पण दिवसभराची ड्यूटी करून, कुठेतरी दूरच्या पोस्टिंगवर, खरंच कुणी पुस्तक उघडतं का? पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेल्या. त्यातलं आमच्या ओळखीत कुणीच नाही.

माझ्या मनात तिसरा रस्ता आहे. एनसीसी असलेल्या कॉलेजात बीएस्सीला जा, तीन वर्षांत त्यांचं सगळ्यात वरचं, सी सर्टिफिकेट काढ, एनडीएचा उरलेला प्रयत्न दे आणि नाहीच जमलं तर पदवीनंतर सीडीएस. म्हटलं तर यात काहीच हातचं जात नाही. पण हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, अग्निवीरची वयोमर्यादा २१ आहे. पदवी होईपर्यंत तोही दरवाजा बंद झालेला असेल." त्यावर मला बोलता आलं नाही. पहाटे दाराची कडी वाजली की मला जाग येते आणि वाटतं, याला अडवणारी मी कोण.

म्हणून विचारते. ज्यांच्या घरचं कुणी अग्निवीर आहे त्यांनी सांगा, सेवेत असताना अभ्यासाला खरोखर किती वेळ मिळतो? परीक्षेसाठी सुट्टी मिळते का, की ते त्या-त्या युनिटवर असतं? कुणी एनसीसी करून सीडीएसने गेलं असेल, तर कॉलेजच्या तीन वर्षांत ही धाव टिकली का? मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच आहे. आणि वडील नको म्हणत असताना जे गेले, त्यांच्या घरी पुढे काय झालं, हेही मोकळेपणाने लिहा.

बीएस्सीचा फॉर्म अर्धा भरून ठेवलाय, मुदत या आठवड्यात संपते. तुमची उत्तरं मी त्याला आणि बाबांना, दोघांनाही वाचून दाखवणार आहे.

ता. क. काही जणांनी मेसेज करून विचारलं, म्हणून लिहिते: चष्मा नाही, तब्येत उत्तम आहे. सक्ती कुणाचीच नाही, जायची इच्छा पूर्णपणे त्याची आहे.