चाचणी नक्की काय मोजते?

आकडेवारी दाखवणारा डॅशबोर्ड बनवण्याआधी प्रत्येक मॅनेजरची विचारशैली, म्हणजे माहिती समजून घेण्याची त्याची पद्धत, चाचणीने मोजावी आणि त्यावरून तक्ते द्यायचे की आलेख ते ठरवावं, असं काही जण सुचवतात. पण मोजायचं कशाने? घोडं तिथेच अडतं. विचारशैली मोजणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ विटकिनच्या चाचणीत गुंतागुंतीच्या चित्रात दडलेली साधी आकृती ठरावीक वेळेत शोधायची असते. गटासाठीच्या आवृत्तीत गुण १८ पैकी. म्हणजे शैलीत डावं-उजवं नसतं म्हणायचं, आणि गुण मात्र बरोबर उत्तरांचे द्यायचे! तल्लख माणूस इथे पुढे जाणारच. मायर्स-ब्रिग्ज ही व्यक्तिमत्त्वाची प्रश्नावली तर माणूस स्वतःबद्दल जे सांगेल त्यावरच चालते. विचारशैलीवरच्या संशोधनातून अशा सिस्टीमच्या डिझाइनसाठी कामाचे नियम निघणं कठीण आहे, हे व्यवस्थापनाचा अभ्यासक जॉर्ज ह्यूबरने १९८३ मध्येच मांडलं होतं. मलाही ते पटतं. तक्ता आणि आलेख दोन्ही ठेवा, काय बघायचं ते निवडायचं बटण मॅनेजरलाच दाबू द्या.